न्यूक रखडतंय? आधी तुटक रेघ बघा

परवा न्यूकवर (चित्रांचे थर जोडून शॉट तयार करायचं सॉफ्टवेअर) आमच्या ज्युनिअरने हात टेकले. एकेका फ्रेमला चार-चार मिनिटं. "दादा, मशीनच बदलायला हवं." मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि व्ह्यूअर झूम आउट केला. प्लेट, म्हणजे शूट केलेलं मूळ चित्र, 4096 बाय 2160 पिक्सेलची. पण बीबॉक्सची (बाउंडिंग बॉक्स: न्यूक जेवढ्या भागाचा हिशेब करतं त्याची चौकट) तुटक रेघ प्लेट सोडून लांबवर गेलेली, कोपऱ्यातला आकडा पंधरा हजारांच्या पुढे.

कारण एवढंसं होतं. कोपऱ्यातला धूर ट्रान्सफॉर्मने ताणून मोठा केलेला, त्यावर ब्लर, मग दोन चित्रं जोडणारा मर्ज (न्यूकमधली अशी एकेक क्रिया म्हणजे एक नोड). मर्जचा बीबॉक्स मुळातच 'युनियन'वर (दोन्ही चौकटी मावतील एवढ्या चौकटीवर) असतो, म्हणून वरची ही रेघ खालच्या प्रत्येक नोडला चिकटते. पुढे डिफोकस (चित्र फोकसबाहेर नेणारा नोड) असला की तो ती सगळी जागा हिशेबात घेतो. ईएक्सआर (चित्राच्या फाइलचा प्रकार) लिहिताना फाइलसुद्धा फुगते. आम्ही मर्जच्या आधी चौकट छाटणारा एक क्रॉप टाकला, तोही ब्लरच्या खाली, म्हणजे नंतर. ब्लरच्या वर टाकलात तर कडा काळवंडतात, हे लक्षात ठेवा.

रेघ जागेवर असूनही रखडत असेल तर अंदाजाने नोड बंद करत बसू नका. टर्मिनलमधून न्यूक उघडताना '-P' द्या. नोडग्राफमध्येच (नोडांच्या आराखड्यात) वेळ दिसतो, वेगवान नोड हिरवे, जड नोड लाल. लाल दिसेल तिथेच हात घाला.

बहुतेक वेळा डीनॉइज (चित्रातले दाणे काढणारा) किंवा क्रोनोस (शॉटचा वेग बदलणारा) सापडतो. त्याचा प्रीकॉम्प करा: राइटने ईएक्सआर काढा, रीडने परत आणा, मूळ नोड स्क्रिप्टमध्ये बाजूला ठेवा. फाइलच्या नावात प्लेटचं व्हर्जन हवंच. नाहीतर नवी प्लेट येते आणि जुनं डीनॉइज तसंच राहतं.

कॉम्प्रेशन निवडताना 'झिप 1 स्कॅनलाइन' घ्या. न्यूक ओळीओळीने वाचतं. 16 ओळींचा गठ्ठा असला की एका ओळीसाठी अख्खा गठ्ठा सोडवावा लागतो. लायटिंगवाल्यांनाही (सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं, रेंडर करून देणाऱ्यांना) हेच सांगून ठेवा. आणि सीजीच्या एकाच ईएक्सआरमध्ये तीस-चाळीस पास (प्रकाश, सावली असे वेगवेगळे थर) कोंबलेले असतील तर लागतील तेवढेच वेगळे काढून घ्या. 4096 बाय 2160 च्या चार चॅनलांनाच (लाल, हिरवा, निळा, अल्फा) 32 बिटमध्ये फ्रेममागे सुमारे 141 एमबी लागतात, मग बाकीच्यांचं ओझं कशाला वाहायचं?

दोन ट्रान्सफॉर्मच्या मध्ये ग्रेड (रंग सुधारणारा नोड) असेल तर तो खाली सरकवा. मध्ये ग्रेड असला की दोन्ही ट्रान्सफॉर्म एकात जोडले जात नाहीत, चित्र दोनदा फिल्टर होतं आणि मऊही पडतं.