पावसाळ्यात अडखळणारं इंजिन

खानापुरात पाऊस लागला की बागेतल्या माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेचं इंजिन वळणावर अडखळायचं. मोटर ठणठणीत होती. मल्टिमीटर लावला, तर रुळांच्या सांध्यांवरच व्होल्टेज पडत होतं: पितळ काळवंडलेलं, जोडपट्ट्यांत तांबडी माती. सांधे उघडून बारीक पॉलिश पेपरने घासले आणि प्रत्येक सांध्यावर तांब्याच्या तारेचा तुकडा सोल्डर केला. चाकं स्पिरिटने पुसली, कापूस काळाकुट्ट! आता पावसातही गाडी सुरळीत पळते.

मग रंगकाम, माझं आवडतं. दोन रुळांतलं ४५ मिमी अंतर १:२२.५ प्रमाणात मीटर गेज (खऱ्या रुळांत एक मीटर अंतर) ठरतं, म्हणजे आपल्या मिरज-लोंढा मार्गावरची जुनी गाडीच. तिला चकचकीत काळा शोभत नाही. मॅट काळ्यावर कोरड्या ब्रशने राखाडी फिरवला, चाकांजवळ इथलीच चाळलेली माती. ती गिअरमध्ये मात्र जाऊ देऊ नका.