तवा, खिमा आणि अर्धा गड्डा कोबी

कोबी नको म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या ताटात आजवर बहुधा शिजून गळालेला, पाणी सुटलेला कोबीच पडलेला असतो. तोच कोबी कडकडीत तापलेल्या लोखंडावर पाच-सहा मिनिटं परतून बघा. कडा खरपूस तपकिरी होतात, आतला भाग करकरीत राहतो आणि चव चक्क गोड लागते. त्यात खमंग भाजलेला खिमा मिसळला की रात्रीचं जेवण तयार. एक तवा, एक उलथणं, एक सुरी, बस्स. कामावरून आल्यावर अंगात फारसं त्राण उरलेलं नसतं तेव्हा मी हेच करते, आणि नाइलाज म्हणून नव्हे, आवडीने करते.

यातली सगळी मेख पाण्यात आहे. कोबीच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे अर्धा किलो चिरलेला कोबी तव्यावर टाकला की जवळजवळ साडेचारशे मिलिलिटर पाणी आपण तव्यावर आणलेलं असतं. खिम्यातलं पाणी वेगळंच. तव्यावर पाणी साचलेलं आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास अडकून राहतं. मांस किंवा भाजी खरपूस व्हायची तर पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. तेव्हा कुठे प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांची एकमेकांवर क्रिया होऊन तो तपकिरी रंग आणि भूक चाळवणारा वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई मायार यांनी १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. खोल भांड्यात वाफ कडांमध्ये कोंडते, परत खाली येते आणि कोबी आपल्याच पाण्यात उकडतो. सपाट तव्याला उंच कडा नसतात. वाफ सरळ निघून जाते. म्हणून हा पदार्थ मी कढईत करत नाही.

माझा तवा बिडाचा आहे, दोन बर्नरवर आडवा बसणारा, लांबट. असा नसला तरी चालेल. तीस सेंटिमीटरचा कोणताही जाड बुडाचा तवा घ्या, फक्त माणसं जास्त असतील तर दोन हप्त्यांत करा. पातळ तवा मात्र नको. गार खिमा पडला की तो लगेच थंड होतो आणि पुन्हा तापेपर्यंत खिम्याला पाणी सुटलेलं असतं. बिडाचं लोखंड उष्णता धरून ठेवतं, पण ती सगळीकडे पसरवायला वेळ लावतं. त्यामुळे मंद-मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं सावकाश तापवायचं आणि मधूनमधून तवा फिरवायचा. नॉनस्टिक तव्यावर हे करणार असाल तर तो रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका. २६० अंशांच्या वर त्याचा लेप खराब व्हायला लागतो आणि त्यातून घातक वाफा निघतात. त्यावर थोडं तेल घालूनच, मध्यम आचेवर काम करा. रंग जरा कमी येईल एवढंच.

तीन-चार माणसांसाठी मी अर्धा किलो खिमा आणि एका मध्यम गड्ड्याचा अर्धा भाग, म्हणजे साधारण तेवढ्याच वजनाचा कोबी घेते. एक मोठा कांदा, सहा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन छोटे चमचे व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा साखर, जाडसर कुटलेली मिरी. कांद्याची पात असेल तर उत्तम. तेल मांसावर अवलंबून आहे. चरबी असलेला खिमा, पंधरा-वीस टक्के, असेल तर तव्याला पुसण्यापुरतंच तेल पुरतं, कारण कोबी नंतर त्याच सुटलेल्या चरबीत परतायचा आहे आणि खरी चव तिथूनच येते. चिकनचा खिमा कोरडा असतो, त्याला दोन मोठे चमचे तेल लागतंच. तिथे हात आखडू नका.

खिमा गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा आणि अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलोचं चपटं पाकीट तासाभरात सुटतं. ओट्यावर तसंच उघडं ठेवून देऊ नका. खिमा चपटा करून गोठवायची सवय लावून घ्या, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. गोळा करून गोठवलेला खिमा बाहेरून कोमट होतो तरी आत दगडच असतो.

आता एक युक्ती, जी मी फार मोलाची मानते. पाव छोटा चमचा खायचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून खिम्याला हलक्या हाताने लावायचा आणि पंधरा मिनिटं ठेवायचा. सोड्यामुळे मांसाची आम्लता कमी होते, प्रथिनं भाजताना तितकी आक्रसत नाहीत आणि पाणी आतच धरून ठेवतात. तव्यावर पाण्याचं तळं होत नाही आणि रंगही लवकर चढतो. पाव चमच्याच्या वर मात्र जायचं नाही, साबणासारखी चव येते. याच पंधरा मिनिटांत बाकीची चिराचिरी उरकते.

कोबी चिरण्याबद्दल माझं मत ठाम आहे. केसांसारखा बारीक चिरलेला कोबी इथे उपयोगाचा नाही, तो तव्यावर पडताच बसतो. गड्डा उभा अर्धा करा, मधला दांडा तिरक्या कापाने काढा आणि अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करा. बाहेरची पानं जाड शिरांची असतात. त्या शिरा वेगळ्या काढून पातळ चिरा, म्हणजे सगळं एकाच वेळी शिजेल. दांडा टाकू नका. माझी धाकटी सुरीचा आवाज ऐकून ओट्यापाशी येते आणि मीठ लावलेले दांड्याचे काप कच्चेच कुरतडत उभी राहते. कोबी धुवायचा तो चिरण्याआधी, आणि चिरल्यावर कोरड्या फडक्यावर पसरून टिपून घ्यायचा. ओला कोबी तापल्या तव्यावर टाकण्यात काही अर्थ नाही. आणि त्याला आत्ताच मीठ लावायचं नाही, मीठ पाणी बाहेर ओढतं.

तवा तापला की नाही हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब नुसता फसफसून उडाला तर अजून थांबा. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर इकडेतिकडे पळायला लागली की तवा तयार. थेंबाखाली वाफेचा पातळ थर होतो आणि त्यावर तो तरंगतो. जर्मन डॉक्टर योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली याचं वर्णन केलं होतं. आता तेलाचं बोट फिरवा, आच मोठी करा आणि खिडकी उघडा, कारण धूर होणार.

खिम्याला थोडं मीठ आणि मिरी लावून तो तव्यावर सेंटिमीटरभर जाडीच्या थरात दाबून पसरा. आणि हात मागे घ्या. सगळ्यात कठीण पायरी हीच आहे. तीन मिनिटं उलथणं लावायचं नाही. सारखं ढवळत राहिलात तर एकही बाजू तव्याला पुरेशी टेकत नाही आणि खिमा करडा, भुसभुशीत होतो. कडेने बघा. मांसाचा रंग खालून वर बदलत येतो, कडा गडद होतात, आणि आवाजही बदलतो. आधी ओला फसफसाट असतो, मग तो कोरडा, तडतडता होतो. असा तडतडाट ऐकू आला की उलथण्याची सरळ धार खाली घालून मोठाल्या तुकड्यांत उलटा. चिकटलं तर ओढू नका, आणखी अर्धा मिनिट द्या. पुरेसं भाजलं की ते बरंचसं आपोआप सुटतं. उलटल्यावर एक-दोन मिनिटांनी तुकडे बारीक फोडा, पण पार भुगा करू नका, दाताखाली यायला हवेत.

खिमा पूर्ण शिजलाच पाहिजे, यात तडजोड नाही. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुधा वरच असतात. दळताना मात्र वरचं सगळं आत मिसळतं. मटण, बीफ, पोर्क यांच्या खिम्याला ७१ अंश आणि चिकनला ७४ अंश आतून गाठावे लागतात. घरात तापमापक असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात खुपसून बघा. नुसत्या रंगावर जाऊ नका, तो फसवतो.

खिमा आता तव्याच्या एका कडेला, जिथे आच कमी आहे तिथे सरकवा. तव्यावर जागा नसेल तर ताटात काढा, पण कच्चा खिमा ठेवला होता त्याच ताटात नको. चरबी तव्यावरच राहू द्या. फारच सुटली असेल तर दोनेक चमचे ठेवून बाकीची टिपून घ्या. मधल्या सगळ्यात गरम जागी आधी कांदा, मिनिटभरात कोबी. कोबीही पसरायचा, ढीग करायचा नाही. ढिगाखाली वाफ कोंडते आणि आपण पुन्हा कढईवर येतो. दोन मिनिटं शांत, मग उलटा, पुन्हा दीड-दोन मिनिटं शांत. पट्ट्यांच्या कडांवर तपकिरी डाग दिसतील, क्वचित एखादी काळीही होईल. होऊ द्या. झाकण मुळीच ठेवू नका.

फार वेळही परतू नका. कोबीत गंधकयुक्त संयुगं असतात. तो जितका जास्त शिजतो तितका त्यांचा तो ओळखीचा उग्र वास वाढतो. पाच-सहा मिनिटांत उतरवलेल्या कोबीला तो वास नसतो. ज्यांना कोबीचा वास सहन होत नाही त्यांना हे करून खायला घालाच.

आलं-लसूण सर्वांत शेवटी. लसूण सुरुवातीला टाकला तर इतक्या आचेवर मिनिटाभरात करपून कडू होतो. कोबी जरा बाजूला सारून मोकळ्या जागेत थेंबभर तेल आणि त्यावर ठेचलेलं आलं-लसूण घाला. वास सुटला, म्हणजे वीस-तीस सेकंद, की कोबी आणि खिमा त्यावर ओढून घ्या. सोया सॉसमध्ये साखर विरघळवून ठेवलेली असेल ती थेट तापल्या लोखंडावर ओता, भाजीवर नव्हे. सॉस क्षणात उकळतो, किंचित जळकट गोड होतो, आणि ती चव सगळ्याला लागते. भराभर उलथा आणि आच बंद. मीठ आता चाखून घाला. सोया सॉस आधीच खारट असतो, बहुतेक वेळा वरून काही लागत नाही.

व्हिनेगर आच बंद केल्यावर, शक्यतो पदार्थ ताटात काढल्यानंतर. आंबट पदार्थ बिडाच्या तव्यावर पडून राहिला तर तव्याचा मुरलेला काळा लेप निघतो आणि जेवणाला लोखंडाची चव येते. पण व्हिनेगर वगळू मात्र नका. चरबी आणि कोबीचा गोडवा यांच्यामध्ये ते दोन चमचे आंबट हवंच, नाहीतर चार घासांनंतर जड वाटतं. लिंबू पिळलंत तरी चालेल. वरून पात भुरभुरा.

जांभळा कोबीही छान लागतो, फक्त सोडा लावलेल्या खिम्याशी मिसळल्यावर तो कधीकधी निळसर दिसतो. घाबरू नका. त्याचा रंग आम्लतेप्रमाणे बदलतो. व्हिनेगर पडलं की तो पुन्हा लालसर जांभळा होतो. पोरांना हे दाखवायला मला फार आवडतं.

तवा गरम आहे तोवरच त्यावर अर्धी वाटी गरम पाणी ओता आणि उलथण्याने खरवडा. चिकटलेलं सगळं सुटून येतं. गार पाणी नको, तापलेलं बीड तडकू शकतं. पुसून पुन्हा आचेवर कोरडं करा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा.

उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा पुन्हा तवाच बरा. मोठ्या आचेवर पसरून वाफाळेपर्यंत गरम करा, मध्ये जागा करून एक अंडं फोडा, आणि पिवळं बलक नीट आळल्यावर सगळं एकत्र करा.