भाडं चांगलं, मग पैसा जातो कुठं? ट्रकमालकांनो, या चुका टाळा

लासलगाव-पिंपळगावात कांद्याची आवक वाढली की दलालाचा फोन येतो, "बेंगळुरू आहे, भरतो का?" आकडा ऐकून आपण गाडी लावतो. पहिली चूक इथंच. तो आकडा जाण्याचा. गाडीला परतही यायचं असतं. नाशिक-बेंगळुरू जाऊन-येऊन साधारण 2,000 किलोमीटर. दहा चाकीचं अ‍ॅव्हरेज लिटरला 4 किलोमीटर धरलं तर 500 लिटर डिझेल, 90 रुपयांनी 45,000 नुसते टाकीत. टोल, भत्ता, टायर, हप्ता पुढेच.

म्हणून भरण्याआधी परतीचा माल विचारा, आणि मिळाला नाही तर किती दिवस थांबायचं तेही ठरवा. महिन्याचा हप्ता 60,000 असेल तर उभी गाडी रोज 2,000 खाते. मी दोन दिवस थांबतो. तिसऱ्या दिवशी नाशिकचा हट्ट सोडतो, कोल्हापूर-पुण्यापर्यंतचं मिळेल ते भाडं घेतो.

माल खाली करताना गाडी खोटी झाली, म्हणजे ताटकळत उभी राहिली, तर त्याचे पैसे कोण भरणार? तोंडी "बघू नंतर" म्हणजे कोणीच नाही. पोचल्यापासून 24 तासांनंतर दिवसाला किती, हे बिल्टीवरच (माल भरल्याच्या पावतीवर) लिहून घ्या. वाराई, म्हणजे माल चढवा-उतरवायची हमाली, कोणाकडे, तेही.

पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-पावती, सांभाळणं तर मी ठेच लागूनच शिकलो. एका पावसाळ्यात ड्रायव्हरनं ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळली. कोल्हापूर सोडल्यावर पाऊस थांबला, ताडपत्री तशीच. आत वाफ धरली, खालच्या गोण्यांना पाणी सुटलं. माल घेणाऱ्या पार्टीनं पोचेवर "40 गोण्या ओल्या" लिहिलं आणि आमच्या गड्यानं खाली सही ठोकली. बाकी भाडं दोन महिने लटकलं, वर कापलंही. आता नियम एकच: पाऊस उघडला की ताडपत्रीची बाजू वर करायची, आणि पोचेवर शेरा मारला तर सहीआधी गोण्यांचे फोटो आणि मला फोन.

"दोन टन जास्त टाकू" याला भुलू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे. जादा माल उतरवायचा तो वेगळाच. एवढं त्या दोन टनांत कुठं सुटतं?

ताज्या कांद्याला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही, त्यामुळे आपल्याला त्याची सवयच नसते. परतीच्या मालाला मात्र ते लागू शकतं. साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मुदत. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ट्रान्सपोर्टवाल्याकडून वाढवून घ्या. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलावरचा गाडी नंबरही बदलायचा. हे हमखास राहतं.

आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसात "टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापावाच लागतो" म्हणाले तर मुकाट मान हलवू नका. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसतील तर पॅनसोबत तसं लेखी द्या, भाडं पूर्ण मिळतं.