लढाऊ जहाज वा विमान ताब्यात घेण्यापूर्वीच्या चाचण्या : तयारीची यादी

चाचणीची तारीख ठरवण्यापूर्वी करारातील प्रत्येक अपेक्षा मोजता येईल अशा शब्दांत उतरवून घ्यावी. नुसता 'कमाल वेग' पुरत नाही. किती इंधन, किती शस्त्रभार आणि कोणत्या तापमानात तो वेग मिळायला हवा, यावर पुरवठादाराची सही आधीच असावी. शस्त्रांविना, हलके उडालेले विमान बहुधा छानच उडते.

विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवरची कंपनचाचणी पूर्ण झालेली असावी, आणि पंख फडफडू लागण्याचा, म्हणजे फ्लटरचा, धोका असल्यामुळे हवेतील वेग टप्प्याटप्प्यानेच वाढवावा. विमान ज्या उपकरणाशी जोडले जाणार आहे, त्याच्यासह घ्यायच्या चाचण्यांची नोंद मात्र वेगळी करावी. विमानवाहू नौकेवर उतरणाऱ्या एफ-३५सी या विमानाचा हुक २०११ मध्ये जमिनीवरच्या चाचण्यांत अडवणूक-तार, म्हणजे उतरणारे विमान थांबवण्यासाठी आडवी ताणलेली तार, पकडू शकला नाही. चाके आणि हुक यांतील अंतर इतके कमी होते, की चाकांखाली दबलेली तार पुन्हा उसळण्याआधीच हुक तिच्यावरून निघून जाई.

जहाजाच्या स्थिरतेच्या चाचणीसाठी शांत पाणी पाहावे, बांधलेले दोर सैल सोडावेत आणि टाक्या शक्यतो पूर्ण भराव्यात किंवा पूर्ण रिकाम्या कराव्यात, कारण अर्धवट टाकीतील पाणी कलत्या बाजूकडे धावते आणि आकडे बिघडवते. ठरावीक वजने डेकवर आडवी सरकवून लोलक किती हलला हे मोजतात; लोलकाचे वजन तेलाच्या बादलीत बुडते ठेवले, की झोके लवकर शमतात. मोजणी चालू असताना जहाजावर नेमकी किती माणसे आहेत याची नोंद हवी आणि कोणीही जागा सोडू नये.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे नकाराचा अधिकार. स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेवर ३० माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावले होते. जहाज इतके कलू लागले की तीन फेऱ्यांनंतर चाचणी थांबवावी लागली, आणि तरीही जहाज निघाले. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरात जेमतेम १,३०० मीटर जाऊन ते बुडाले. म्हणून चाचणी कोण थांबवू शकतो, 'अनुत्तीर्ण' असा शेरा कोण देतो, आणि तो शेरा डावलायचा झाल्यास लेखी कारणाखाली कोणाची सही लागेल, ही तिन्ही पदे चाचणीच्या आदेशातच नमूद करावीत.