प्लंबिंगचा खर्च वाचवायचाय? टाइल्स लावायच्या आधी पाइपांना दाब लावून बघा

बाथरूम नव्यानं करायला काढलं की गल्लीतला प्रत्येक जण सल्ला देतो: पाइप हलका घे, नळ लोकल घे, मिस्त्रीला घासून दर पाड. तिन्ही सल्ले सोडून द्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर, मग फुलेवाडीत बहिणीचं, मग मित्रांची, अशी आठ-नऊ बाथरूम मी समोर उभं राहून करून घेतली आहेत. हलक्या पाइपात वाचलेले पैसे पहिल्या गळतीतच व्याजासकट जातात.

पहिली गोष्ट, कमोड आहे तिथंच ठेवा. बेसिन, शॉवर हलवा खुशाल, पण कमोड हलला की मैल्याची ११० मिमीची लाइन, तिचा ढाळ, खालचा कोबा सगळंच उकरावं लागतं.

सामान स्वतः आणा. प्लंबरकडून यादी घ्या, लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि उरलेली फिटिंग परत घेणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपावर आयएस १५७७८ हा छाप बघा. सोलरच्या गरम लाइनीला साधा यूपीव्हीसी घालू नका, तो गरम पाण्यासाठी नसतो.

मजुरी पॉइंटवर, म्हणजे नळ-शॉवरसाठी भिंतीतून काढलेल्या तोंडांच्या संख्येवर ठरवा. दाबाची चाचणी, म्हणजे पाइपात पंपानं पाणी दाबून गळती बघणं, त्यातच धरली आहे, हे तेव्हाच बोलून घ्या. झिरी मारणं, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खाच पाडणं, पाइप टाकणं ही कामं प्लंबर करतोच, तिथं डोकं घालू नका.

आता खरं काम. पाइप भिंतीत बसले की प्लंबर म्हणतो, "दादा, नळ सोडून बघितलाय, थेंब न्हाई." आमच्या घरी मीही मान डोलावली होती. पण हिशेब करा. टाकी गच्चीवर, बाथरूम पहिल्या मजल्यावर, मधे पाण्याची उंची चार-पाच मीटर. दहा मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब धरला, तर लाइनीत जेमतेम अर्धा किलो. एवढ्या दाबाला सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्रव, न लावता नुसता खोचलेला जॉइंटसुद्धा महिनोन्महिने गप बसतो. आमचा बसला. सात महिन्यांनी प्रेशर पंप जोडला आणि पलीकडं देवघराच्या भिंतीला पोपडे धरले. जागा शोधताना अकरा टाइल्स फुटल्या, आणि त्या डिझाइनची एकही टाइल दुकानात शिल्लक नव्हती. आजही त्या भिंतीला ठिगळ आहे.

म्हणून चाचणीचा, गेज (दाब दाखवणारा काटा) लावलेला हातपंपच हवा. शेवटचा जॉइंट झाल्यावर २४ तास लाइनीला हात लावू नका. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, तो आतून पाणी सोडतो. तिथंही प्लग मारा. मिक्सरच्या जागी गरम आणि थंड लाइन होज पाइपनं एकमेकींना जोडा, म्हणजे दोन्ही एकदम तपासल्या जातात. मग सगळ्यात उंच पॉइंट, बहुधा शॉवरचा, सैल ठेवून पाणी भरा आणि हवा पूर्ण निघाल्यावरच तो घट्ट करा. हवा राहिली तर काटा नाचतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता. दाब सात किलोपर्यंत न्या.

मी संध्याकाळी लावतो, सकाळी बघतो. रात्री पाणी गार होतं, काटा थोडा उतरतो. लगेच प्लंबरवर खेकसू नका. परत सात करा, दोन तास थांबा. पुन्हा उतरला तर मात्र गळती आहेच. आधी आट्याचे जॉइंट बघा, कोरडा वर्तमानपत्राचा कागद लावून. भिंतीतल्या पॉइंटला पितळी आट्याचंच फिटिंग हवं, इथं पैसे वाचवायचे नाहीत. आट्यांवर गुंडाळायला जुना मिस्त्री ताग-सफेदा काढेल. तो जीआय, म्हणजे लोखंडी पाइपासाठी ठीक, सीपीव्हीसीला टेफ्लॉन टेपच.

आणि कुणी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून हवेनं टेस्ट करतो म्हणाला तर त्याला घराबाहेर काढा. हवेच्या दाबानं पाइप फुटला तर तुकडे अंगावर येतात.

चाचणी पास झाली तरी गेज काढू नका. दाब तीन किलोवर आणून टाइल्सचं काम होईपर्यंत तसाच ठेवा. कटर पाइपाला लागला तर काटा तिथल्या तिथं पडतो आणि दुरुस्ती एका टाइलवर भागते.

खालचं वॉटरप्रूफिंग झालं की दोन दिवस पाणी साचवून ठेवा. टाइल्सची एक पेटी जादा घ्या. भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक पाइपाशेजारी मोजटेप धरून फोटो काढा, आणि पुढं आरसा लावायला पोरगा आला की आधी फोटो दाखवा, मग ड्रिल चालवू द्या.