सॅपमध्ये आउटबाउंड डिलिव्हरी डिलीट होत नाही, तेव्हा काय तपासायचं?

सॅपमध्ये (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आउटबाउंड डिलिव्हरी, म्हणजे माल बाहेर पाठवण्याची नोंद, डिलीट करताना एरर आली, की बहुतेक वेळा सिस्टीम बिघडलेली नसते. त्या डिलिव्हरीच्या आधाराने पुढचं काहीतरी तयार झालेलं असतं आणि ते मोडल्याशिवाय सॅप तिला हात लावू देत नाही. व्हीएल०३एन मध्ये (असे कोड म्हणजे सॅपमधला ठरावीक स्क्रीन उघडणारे ट्रान्झॅक्शन कोड) डॉक्युमेंट फ्लो, म्हणजे एकामागून एक बनलेल्या नोंदींची साखळी, उघडा. सगळ्यात शेवटी जे बनलं ते सगळ्यात आधी रद्द करायचं.

बिल झालं असेल तर ते व्हीएफ११ ने रद्द करा. भारतात इथे घड्याळही बघावं लागतं, कारण आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं जीएसटीचं कागदपत्र) पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतात. ई-वे बिलाची वाटेत तपासणी झाली असेल, तर तेवढ्या वेळातही नाही. मुदत टळली असेल तर डिलीटचा नाद सोडा. रिटर्न ऑर्डर आणि क्रेडिट नोट हाच रस्ता.

बिल सुटलं की व्हीएल०९ ने पीजीआय (माल गोदामातून बाहेर पडल्याची नोंद) उलटवा. ६०१ या मूव्हमेंट टाइपची (मालाच्या हालचालीचा कोड) नोंद ६०२ ने फिरते, स्टॉक ट्रान्सफर असेल तर ६४१ ची ६४२ ने. इथे एम७ ०५३ हा मेसेज आला तर उलट नोंदीची तारीख हिशेबाच्या बंद झालेल्या पिरियडमध्ये पडते आहे. तारीख चालू महिन्याची घ्या. नुसत्या एवढ्यासाठी पिरियड उघडायला लावू नका, अकाउंट्सवाले ओरडतील आणि त्यांचं बरोबरच असेल. गोदाम ईडब्ल्यूएमवर (सॅपची गोदाम सांभाळणारी वेगळी प्रणाली) चालत असेल तर व्हीएल०९ उपयोगाचं नाही. पीजीआय ईडब्ल्यूएममध्येच फिरवावा लागतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते यानंतर. पीजीआय उलटला, गुड्स मूव्हमेंटचं स्टेटस पुन्हा ‘ए’ (अजून सुरू नाही) झालं, तरी डिलीट होत नाही, कारण पिकिंग (पाठवण्यासाठी जागेवरून माल काढल्याची नोंद) तसंच राहिलेलं असतं. वेअरहाउस मॅनेजमेंट (सॅपचं गोदामाचं मॉड्यूल) नसेल तर व्हीएल०२एन मध्ये पिकिंग टॅबवर प्रत्येक ओळीची पिक केलेली संख्या शून्य करून सेव्ह करा. बॅच स्प्लिट (एकच ओळ अनेक बॅचमध्ये विभागलेली) असेल तर खालच्या ओळीही उघडून बघा. संख्या मुख्य ओळीवर नाही, तिथे लपलेली असते. वेअरहाउस मॅनेजमेंट असेल आणि ट्रान्सफर ऑर्डर (गोदामात माल हलवण्याचा आदेश) कन्फर्म झाली नसेल, तर ती एलटी१५ ने रद्द करा. कन्फर्म झाली असेल तर एलटी०जी ने माल परत स्टॉकमध्ये घ्या. पॅकिंग झालं असेल तर हँडलिंग युनिटही (पॅक केलेले खोके किंवा पॅलेट) रिकामी करा. डिलिव्हरी शिपमेंटला जोडलेली असेल तर व्हीटी०२एन मधून तिथून काढा.

‘दुसरा युजर वापरतो आहे’ असा मेसेज हे वेगळंच प्रकरण. एसएम१२ मध्ये लॉक कोणाचा ते बघा, पण त्या माणसाला विचारल्याशिवाय आणि एसएम१३ मध्ये अडकलेलं अपडेट नाही ना हे तपासल्याशिवाय लॉक काढू नका. परवानगीची एरर असेल तर त्याच क्षणी एसयू५३ चा (नाकारलेली परवानगी दाखवणारा स्क्रीन) स्क्रीनशॉट घ्या. बहुधा व्ही_एलआयकेपी_व्हीएसटी या परवानगीच्या ऑब्जेक्टमध्ये त्या शिपिंग पॉइंटसाठी ०६ (डिलीटचा हक्क) नसतं.

काहीही झालं तरी टेबलमधून थेट ओळ उडवू नका. एलआयकेपी आणि एलआयपीएस (डिलिव्हरीची मुख्य नोंद आणि तिच्या ओळींची टेबलं) साफ होतात, पण व्हीबीएफए मध्ये फ्लो आणि व्हीबीबीई मध्ये मागणी लोंबकळत राहते. मग एटीपी (माल उपलब्ध आहे का याची तपासणी) नसलेल्या डिलिव्हरीसाठी माल राखून ठेवतं. कोणी असं करून ठेवलंच असेल, तर एसडीआरक्यूसीआर२१ हा रिपोर्ट आधी टेस्ट मोडमध्ये चालवून मागणीतली विसंगती दुरुस्त करता येते.

आणि डिलीट झाल्यावर लगेच सेल्स ऑर्डर बघा. ती ओळ पुन्हा उघडी झालेली असते, त्यामुळे रात्रीचा व्हीएल१०चा जॉब तीच डिलिव्हरी नव्या नंबराने पुन्हा बनवतो. माल जायचाच नसेल तर व्हीए०२ मध्ये त्या ओळीला रिजेक्शनचं कारण लावा. नुसता थांबवायचा असेल तर डिलिव्हरी ब्लॉक.