चिपवर डीएनएचे तुकडे नीट वेगळे होत नसतील तर

मायक्रोफ्लुइडिक चिपवर, म्हणजे बारीक वाहिन्यांतून व्होल्टेजने डीएनए पळवणाऱ्या पट्टीवर, जवळजवळ सारख्या लांबीचे दोन तुकडे एकाच पीकमध्ये (आलेखातील शिखरात) मिसळून आले, की बहुतेक जण आधी वाहिनी लांब करायला किंवा व्होल्टेज वाढवायला निघतात. माझ्या मते आधी प्रत्येक पीक रुंद का होते आहे ते शोधावे, कारण वाहिनी चौपट लांब केली तरी विभेदन (दोन पीक वेगळी दिसण्याची क्षमता) फार तर दुप्पट होते.

पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली, वाहिन्या एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी करावी. नमुना आडव्या वाहिनीतून जात असताना मुख्य वाहिनीच्या दोन्ही बाजूंनी येणारा बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) त्याला आवळून धरतो की नाही, हे प्रकाशमान रंगामुळे स्पष्ट दिसते. विभाजन सुरू झाल्यानंतरही एखादी फिकट शेपटी मुख्य वाहिनीत झिरपत राहिली, तर आडव्या वाहिनीच्या दोन्ही टोकांच्या व्होल्टेजमध्ये थोडा फेरफार करून उरलेला नमुना मागे खेचून घ्यावा. पीसीआरचे (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेचे) क्षार नमुन्यात जास्त असल्यास तो आधी शुद्ध करावा.

यानंतर उष्णता पाहावी. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवून प्रत्येक वेळी विद्युतप्रवाह नोंदवावा. आलेख जिथे सरळ रेषा सोडून वर वळतो, तिथून पुढे वाहिनी तापत आहे असे समजावे आणि त्या मर्यादेच्या आतच राहावे. पीडीएमएस या सिलिकोन रबरमधून उष्णता काचेपेक्षा सावकाश बाहेर पडते, त्यामुळे त्या चिपवर ही मर्यादा लवकर येते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी एसी बंद असलेल्या प्रयोगशाळेत तुकडे पोहोचण्याच्या सकाळच्या आणि दुपारच्या वेळा जुळतील अशी अपेक्षाच ठेवू नये. प्रत्येक रनसोबत लॅडर (ठाऊक लांबीच्या तुकड्यांचे मिश्रण) चालवावा. त्या कोरड्या हवेत काही मायक्रोलिटर बफर पाहता पाहता आटतो, म्हणून वाहिन्यांच्या टोकांच्या विहिरी (द्रव भरायचे खड्डे) झाकाव्यात, आणि विद्युतविघटनाने त्यातील पीएच बदलत असल्यामुळे बफरही वरचेवर बदलावा.

नुसत्या बफरमध्ये काहीशे बेसजोड्यांपलीकडचे (बेसजोडी हे डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) सर्व तुकडे जवळजवळ एकाच वेगाने धावतात, कारण लांबीबरोबर विद्युतभार आणि घर्षण दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून पॉलिमरच्या द्रावणाची चाळणी लागतेच. लहान तुकड्यांसाठी ती दाट, मोठ्यांसाठी पातळ पण लांब साखळ्यांची असावी. पॉलिडायमिथाइलअॅक्रिलामाइड हे पॉलिमर स्वतःच भिंतीला चिकटून विद्युतपरासरणी प्रवाह (भिंतीवरील विद्युतभारामुळे सगळा द्रवच वाहू लागणे) दाबते, त्यामुळे वेगळा लेप देण्याचा खटाटोप वाचतो. द्रावण सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढावेत आणि एकाच विहिरीतून सावकाश भरावे. दोन्हीकडून भरल्यास मध्ये हवा अडकते.

दहा-वीस हजार बेसजोड्यांच्या तुकड्यांना मात्र हे उपाय पुरत नाहीत. तीव्र विद्युतक्षेत्रात असे रेणू ताणले जाऊन क्षेत्राच्या दिशेने सरळ होतात आणि लांबीनुसार वेगात पडणारा फरक उरत नाही. त्यामुळे आधी क्षेत्र कमी करून पाहावे. ४८,५०२ बेसजोड्यांच्या लॅम्डा डीएनएसारखा रेणू असेल, तर श्वार्ट्झ आणि कँटर यांनी १९८४ मध्ये मांडलेली दिशा बदलत्या क्षेत्राची पद्धत किंवा हान आणि क्रेगहेड यांच्या २००० मधील आलटून-पालटून अरुंद-रुंद होणाऱ्या वाहिनीची रचना विचारात घ्यावी.